ख्रिस्तपुराण कसे वाचावे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) जवळ आला की फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाबद्दल, म्हणजे मराठी ओव्यांत सांगितलेल्या बायबलकथेबद्दल, विचारणा सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न निवडून त्यांना सविस्तर उत्तरे देत आहोत. नव्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातले, जन्म १५४९ च्या सुमारचा. रोममध्ये ते येशूसंघात (जेझुइट धर्मगुरूंच्या संघात) दाखल झाले, २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये देह ठेवेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, बहुतेक काळ साष्टी तालुक्यातच राहिले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राशोल, म्हणजे तिथल्या लोकांच्या बोलीतल्या रायतूरला छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत (अवस्वर म्हणजे अध्याय), तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरांत येते. मंगळूरच्या आवृत्तीप्रमाणे एकूण ओव्या १०,९६२.

प्रश्न : ख्रिस्तपुराण दोनदा वाचायला घेतले आणि दोन्ही वेळा विसाव्या-पंचविसाव्या पानावर सुटले. श्रद्धा कमी पडते की अभ्यास? (वसईहून एक भगिनी)

दोन्ही नाही. सुरुवात करण्याची जागा चुकली आहे. पहिले पुराण स्तुतीने उघडते, मग ग्रंथाचे प्रयोजन येते, मग सृष्टीची रचना, देवदूतांचे पतन. हा भाग विचारांनी जड आहे आणि त्या वेळी भाषाही आपल्या कानाला नवीन असते. दोन ओझी एकदम उचलली की माणूस थकतो.

असे करा. पहिला आठवडा फक्त पहिल्या अवस्वरातल्या आरंभीच्या दहा ओव्या घ्या. रोज त्याच दहा, मोठ्याने. अर्थ लागला नाही तरी चालेल; भाषा जिभेवर रुळू द्या. दुसऱ्या आठवड्यात थेट दुसऱ्या पुराणात जा आणि प्रभूच्या जन्माची कथा काढा. ती कथा आपल्याला पाठ असते. मेंढपाळ, गव्हाण, तारा, पूर्वेकडचे ज्ञानी हे सगळे माहीत असल्यामुळे अडलेल्या शब्दाचा अर्थ कथाच सांगते, शब्दकोश उघडावा लागत नाही. त्यानंतर दुःखसहन आणि पुनरुत्थान वाचा. एवढे झाल्यावर पहिल्या पुराणाकडे परत या. तोवर भाषेचे ओझे उतरलेले असेल आणि ज्या पानांवर दोनदा थांबलात तीच पाने गोड लागतील.

रोज किती वाचायचे याचा हिशोब सोपा आहे. १०,९६२ ओव्यांना ३० ने भागले तर ३६५ हून किंचित जास्त येतात. रोज तीस ओव्या म्हणजे जवळजवळ एका वर्षात सगळे पुराण. सावकाश, अर्थ मनात घेत म्हणायला एका ओवीला पंधरा ते वीस सेकंद लागतात, म्हणजे दिवसाची दहाच मिनिटे.

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत अख्खे दुसरे पुराण संपवण्याचा संकल्प मात्र करू नका. त्यात ६,७८१ ओव्या आहेत, म्हणजे रोज जवळपास १७०. सलग म्हटल्या तरी पाऊण तास जातो आणि अर्थ सांगत वाचले तर दीड तासही पुरत नाही. चार दिवस उत्साहाने वाचन होते, पाचव्या दिवशी पन्नास ओव्या मागे पडतात आणि आठव्या दिवशी ग्रंथ कपाटात जातो. चाळीस दिवसांसाठी दुःखसहनाचाच भाग घ्यावा.

आणखी एक. खूण पानाच्या आकड्याने ठेवू नका. पुराण, अवस्वर, ओवी असे तीन आकडे लिहून ठेवा. आवृत्ती बदलली की पाने बदलतात.

प्रश्न : मराठी माझी मातृभाषा. तरीही हे मराठी कळत नाही. काय चुकते? (सोलापूरहून एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, आपण शिक्षक आहात, तेव्हा एकच ओवी फोडून दाखवतो. पहिल्याच अवस्वरातली, मराठीच्या स्तुतीची :

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

हरळ म्हणजे खडा. कोकणातल्या घरांत तांदूळ निवडताना आजही हरळ काढतात. माजि म्हणजे मध्ये, किळा म्हणजे तेज, चोखळ म्हणजे चोख, निर्मळ. खड्यांच्या राशीत रत्न झळकावे, रत्नांमध्ये निळा हिरा उठून दिसावा, तशी भाषांमध्ये ही निर्मळ भाषा मराठी. तिशी ओलांडलेला इंग्रज माणूस समुद्र ओलांडून येतो, गोव्यात ही भाषा शिकतो आणि तांदळातल्या खड्याचा शब्द उचलून तिची स्तुती करतो! ग्रंथाची सगळी रीत या चार चरणांत दिसते. तो ऐकणाऱ्याच्या सुपातून शब्द घेतो.

आता अडचणी कुठे येतात ते पाहू. पहिली प्रत्ययांची. ‘चेया’ दिसला की ‘च्या’ वाचा : पृथ्वीचेया म्हणजे पृथ्वीच्या. ‘सि’ म्हणजे ‘ला’ किंवा ‘स’. पुल्लिंगी नाम उकारान्त येते : दातारु, सागरु, मानु. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हा उकार ओळखीचा असतो. दुसरी अडचण ‘श’ आणि ‘ष’ यांची. भाषा इथे ‘भासा’ होते. हा मुद्रणदोष समजून दुरुस्त करत बसू नका; बोलीत तसाच उच्चार होता.

तिसरी अडचण आपल्याला सर्वांत जास्त छळत असावी. ती कोकणी शब्दांची. स्टीफन्स यांनी प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले आहे की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे त्या काळच्या कोकणीतले, सोपे शब्द जागोजाग मिसळले. साष्टीच्या श्रोत्याला जे सोपे वाटले ते सोलापूरला अवघड वाटणारच. ‘उतर’ म्हणजे शब्द, ‘आनियेक’ म्हणजे आणखी एक, दुसरे. असे पन्नास-साठ शब्द वहीत उतरवून घ्या. तेच पुन्हा पुन्हा येतात. शेजारी कोणी गोव्याचे किंवा मालवणचे कुटुंब राहत असेल तर त्यांना विचारा. कोशात न सापडणारे शब्द तिथे सहज सापडतात.

आणि एक शब्द मुद्दाम सांगावासा वाटतो. आरंभीच्या स्तुतीत देवाला ऋद्धिसिद्धीचा दाता, कृपेचा ठेवा, सर्व सुखाचा सागर म्हटल्यावर ओवी ‘आदि अंतु नातुडे’ अशी मिटते. आतुडणे म्हणजे हाती लागणे. न आतुडे, नातुडे. देवाचा आदि-अंत हाती लागत नाही. ‘तू अनंत आहेस’ असे म्हटले असते तर ते डोक्याला पटले असते. ‘नातुडे’ म्हणताना अंधारात चाचपडणारा हात दिसतो. या एका शब्दाशी दोन मिनिटे थांबून प्रार्थना करता येते.

प्रश्न : कोणती आवृत्ती घ्यावी? (पुणे)

१६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा हे पुराण छापले गेले, पण त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखितांतून. जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर भागातल्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये रोमन लिपीत आवृत्ती काढली. तिला इंग्रजी सारांश आणि शब्दसूची जोडलेली आहे. प्रा. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून तीच संहिता देवनागरीत आणली. १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. २०१२ मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांची इंग्रजी अनुवादासह आवृत्ती बंगळुरूहून निघाली.

रोजच्या वाचनाला देवनागरी, म्हणजे द्रागो किंवा बंडेलू. अभ्यासाला सालढाणा शेजारी ठेवावी. तिचा प्रताधिकार (कॉपीराइट) केव्हाच संपला आहे. मराठी कच्चे असलेल्या परदेशातल्या मुलानातवंडांना फाल्काव यांची द्यावी.

दोन आवृत्त्यांत शब्द वेगळे दिसले तर घाबरू नका. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, मार्सडेन संग्रहात, या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२५ च्या सुमारास ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. मंगळूरच्या पाठात जिथे पोर्तुगीज धर्मशब्द येतात तिथे या हस्तलिखितात अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. म्हणून वाचनगटात सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. एकाने एक पाठ आणि दुसऱ्याने दुसरा म्हटला की सूर तुटतो आणि प्रार्थना बाजूला राहून चर्चा सुरू होते.

प्रश्न : घरी मंगळूरची रोमन लिपीतली प्रत आहे. अक्षरे इंग्रजी, पण वाचता येत नाही. (मुंबई)

ती इंग्रजीच्या सवयीने वाचलीत तर वाचता येणारच नाही. लेखन पोर्तुगीज वळणाचे आहे. एवढ्या गोष्टी ध्यानात ठेवा. ‘एक्स’ म्हणजे श. ‘क्यू-यू’च्या पुढे इ किंवा ए आला की तो नुसता क, म्हणजे ‘कि’, ‘के’. ‘क्वि’ म्हणू नका. ‘क्यू-एच’ म्हणजे ख. अ, ओ, उ यांच्या आधीचा ‘सी’ म्हणजे क. ‘झेड’ म्हणजे ज. ‘यू’ हे अक्षर उ आणि व या दोन्हींसाठी येते, तेव्हा ‘देउआ’ दिसले तर ‘देवा’ वाचा. शेवटचा ‘वाय’ म्हणजे ई.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोडअक्षरे. ‘एल’ दोनदा आला तर ळ, ‘एन’ दोनदा तर ण, ‘टी’ दोनदा तर ट, ‘डी’ दोनदा तर ड. दोन ‘टी’ आणि पुढे ‘एच’ असेल तर ठ, म्हणून ‘मराठी’त दोन ‘टी’ दिसतात. हा नियम ‘एस’ला मात्र लावू नका. दोन स्वरांमधला एकटा ‘एस’ पोर्तुगीज उच्चारात ‘झ’सारखा होतो, म्हणून नुसता स दाखवायलाही तो दोनदा लिहितात. ‘भासा’त दोन ‘एस’ आहेत, त्याचा उच्चार ‘भास्सा’ नाही.

रोमन लिपी का वापरली, असे अनेकजण विचारतात. स्टीफन्स यांची इच्छा वेगळी होती. १६०८ मध्ये संघाच्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या भाषेत आणि याच लिपीत पुस्तके छापावीत अशी कळकळीची विनंती केली होती. युरोपात चोवीस साच्यांत काम भागते, इथे अक्षरे जोडून लिहिण्यामुळे सहाशे साचे पाडावे लागतील, ही अडचणही त्यांनीच मांडली. ते साचे त्यांच्या हयातीत झाले नाहीत. देवनागरी प्रत हातात घेऊन वाचताना त्यांची ती इच्छा आपण पुरी करतो आहोत, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात आठ-दहा जण आहेत. पुराण गाऊन म्हणायचे आहे. चाल कोणती, बसायचे कसे, वेळ किती? (नाशिक)

हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला. हे पुराण डोळ्यांसाठी लिहिलेले नाही. रविवारी आणि उपवासकाळात मंदिरात लोक जमत, एकजण म्हणे, बाकीचे ऐकत. अशी त्याची परंपरा होती. मुके वाचन केले की अर्धे पुराण हातून जाते.

आधी ओवीची घडण समजून घ्या. चार चरण. पहिल्या तिघांचे यमक जुळते, चौथा मोकळा. वर दिलेली ओवी बोटांवर मोजा : पहिल्या चरणात ११ अक्षरे, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ९, चौथ्यात ५. रत्नकिळा, निळा, चोखळा हे तीन ठोके आणि मग ‘भासा मराठी’ हा उतार. आता ग्रंथाची पहिलीच ओवी घ्या :

वो नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचेया रचणारा

इथे अक्षरे ८, ९, ९ आणि चौथ्यात १०. म्हणजे चौथा चरण आखूडच असतो असे नाही. म्हणून चाल अक्षरे मोजून बसवू नका. भजनाचा ठेका किंवा टाळ-ढोलकी लावली की पाच अक्षरांच्या चरणाला ओढावे लागते आणि दहा अक्षरांच्या चरणाला कोंबावे लागते. बहुतेक गटांचे गाणे इथेच फसते.

बरी पडणारी रीत अशी. पोथी वाचतात तशी ठेक्याशिवाय, बोलण्याच्या ओघातली चाल घ्या. पहिले तीन चरण एकाच सुरावर. फक्त यमकाचे शेवटचे अक्षर किंचित लांबवा. चौथ्याला सूर खाली आणून षड्जावर टेका. दोन चरणांमध्ये छोटा श्वास, ओवी संपल्यावर पूर्ण श्वास. गायकाची गरज नाही. सूर मध्यम पट्टीत ठेवा. वरची पट्टी धरली तर वीस ओव्यांत घसा बसतो आणि बायका-पुरुष एकत्र म्हणू शकत नाहीत.

कामे वाटून घ्या. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा, बाकीचे ऐकणारे. वाचणाऱ्याने तीन चरण म्हणावेत, चौथा सगळ्यांनी मिळून. ऐकणाऱ्यांना त्यामुळे झोप लागत नाही आणि चौथ्या चरणात अनेकदा ओवीचा गाभा असतो, तो तोंडात बसतो. पाच ओव्या झाल्या की अर्थ सांगणाऱ्याने दोन-तीन वाक्यांत सांगावे. प्रत्येक ओवीनंतर थांबू नये, कारण वाक्य पुष्कळदा पुढच्या ओवीत वाहत जाते. मध्येच तोडले तर कर्ता एका ओवीत आणि क्रियापद दुसरीत राहते. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी तो भाग पाहून पेन्सिलीने वाक्यांची टोके खुणवावीत.

तीस ओव्या म्हणायला दहा मिनिटे, अर्थाला दहा, शुभवर्तमानातला तोच प्रसंग आजच्या मराठीत वाचायला पाच, आणि पाच मिनिटे शांत बसणे. अर्ध्या तासात सभा आटोपते. शेवटची पाच मिनिटे गाळण्याचा मोह फार होतो. तो टाळा. म्हणून झालेली ओवी शांततेत पुन्हा कानात वाजते आणि प्रार्थना बहुधा तिथे सुरू होते.

एक चूक मात्र आवर्जून सांगतो. सुशिक्षित वाचक म्हणता म्हणता शब्द ‘सुधारतात’ : भासाची भाषा, दातारुचा दातार. दातारु, करुणाकरु, सागरु ही साखळी उकारावर उभी आहे. उकार काढला की तिन्ही चरणांचा झोक जातो.

प्रश्न : यात ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. स्वर्गराज्याला वैकुंठ म्हणणे विश्वासाला धरून आहे का? शिवाय यातल्या सगळ्या गोष्टी बायबलमधल्या आहेत का? (अहिल्यानगर)

ऐकणाऱ्याच्या मनात देवाच्या निवासासाठी जो शब्द होता तो स्टीफन्स यांनी घेतला आणि त्यात ख्रिस्ती अर्थ भरला. पवित्र आत्मा, स्नानसंस्कार अशा ठिकाणी मात्र मंगळूरच्या पाठात पोर्तुगीज नावेच येतात. म्हणजे जिथे घोटाळा होऊन चालणार नाही तिथे ते सावध आहेत. ‘देव’, ‘कृपा’, ‘तारण’ हे आपले रोजचे शब्दही याच वाटेने आले. शब्दाला बिचकण्यापेक्षा तो वाक्यात कोणाबद्दल काय सांगतो ते पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : सगळ्या नाहीत. मरियेच्या बालपणासारखे काही प्रसंग चर्चच्या परंपरेतून येतात, शुभवर्तमानांतून नाही. चार शुभवर्तमानांचे प्रसंगही एकाच धाग्यात ओवलेले आहेत. म्हणून बायबल शेजारी ठेवावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल त्यासाठी सोयीचे आहे. मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) शास्त्रवाचनाच्या जागी पुराण वाचता येत नाही. तिथे पवित्र शास्त्रच हवे. मिस्सापूर्वी, घरच्या वेदीपुढे, प्रार्थनागटात खुशाल म्हणावे.

प्रश्न : गोव्यात त्या काळी देवळे पाडली गेली, लोकांवर जुलूम झाला. अशा काळातला ग्रंथ माझ्या श्रद्धेला आधार कसा देईल? हा प्रश्न मला खरोखर छळतो. (पणजीहून एक तरुण)

हा प्रश्न छळायलाच हवा. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) आले. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावात पाच येशूसंघी मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. स्टीफन्स हे त्याच व्यवस्थेतले धर्मगुरू होते. पुराणाच्या आरंभी श्रोता विचारतो की आमची जुनी पुराणे बंद केलीत, त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? या प्रश्नामागे काय हिरावले गेले होते ते समजून घेतल्याशिवाय ग्रंथ पुढे वाचू नये, असे आमचे मत आहे.

पण तो प्रश्न लेखकाने लपवला नाही, हेही पाहा. त्याने तो ग्रंथाच्या दारातच मांडला आणि पुढच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या त्याचे उत्तर म्हणून लिहिल्या. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ च्या पत्रात, स्टीफन्स आपल्या भावाला इथल्या भाषांबद्दल लिहितात की त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. युरोपात ज्या भाषांना सर्वांत वरचे आसन होते त्यांच्या पंक्तीला ते गोव्याच्या माणसाची बोली बसवतात. ज्याची भाषा वाखाणली त्याला तुच्छ मानणे अवघड असते. राज्यकर्त्यांचे तसे नव्हते. २७ जून १६८४ ला व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम करणाऱ्यांचे राज्य गेले. पुराण मात्र कानडी मुलखात गेलेल्या कुटुंबांनी हाताने नकलून जपले, म्हणून ते आज आपल्या हाती आहे.

जुलमाचा हिशोब हा ग्रंथ फेडत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. पण लोकांनी तो कोणाच्या धाकाने जपला नाही, धाक तर उलट बाजूचा होता. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ही ओवी तोंडात ठेवली त्यांनी ती आपली म्हणून ठेवली. आपल्याला आधार हवा असेल तर तो तिथे शोधा.

प्रश्न : आम्ही प्रॉटेस्टंट. तरुण संघासाठी टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ घ्यावे की ख्रिस्तपुराण? (सातारा)

रेव्हरंड ना. वा. टिळकांची भाषा आजच्या तरुणांना लगेच कळेल, तेव्हा सुरुवात तिथून करा. टिळकांनी आरंभीचे अध्याय लिहिले, १९१९ मध्ये ते गेले, आणि पुढचा बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला, हेही मुलांना सांगा. मग एकच प्रसंग, समजा वधस्तंभाचा, दोन्ही ग्रंथांतून एका संध्याकाळी शेजारी शेजारी म्हणा. दोघांमध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे आणि ओवीची परंपरा एकच.

प्रश्न : आजोळच्या पेटीत पुराणाच्या ओव्यांसारखी हस्तलिखित पाने सापडली आहेत. तपकिरी शाई, कडा कुरतडलेल्या. लॅमिनेशन करून घ्यावे का? (मंगळूरहून एक मराठी वाचक)

कृपा करून करू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचे मुरतात, पान पुन्हा मोकळे होत नाही. चिकटपट्टीही नको, काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि खालची अक्षरे सोबत नेते. तपकिरी शाई बहुधा लोखंड आणि मायफळाची असते. ती मुळात काळी असते, जुनी झाली की तपकिरी होते आणि दमट हवेत कागद खाते. अक्षरांच्या जागी भोके दिसत असतील तर कारण हेच. वाळवीचे काम वेगळे दिसते, ती नागमोडी वाट काढते.

पहिले काम फोटोंचे. पाने ज्या क्रमाने सापडली तो क्रम बिघडवू नका, चुकीचा वाटला तरी. हात धुऊन कोरडे करा. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, पान सपाट ठेवून वरून सरळ फोटो घ्या, फ्लॅश नको. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. मागची कोरी बाजूसुद्धा टिपा, कारण मालकाचे नाव, नकलेची तारीख, घरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तिथेच सापडतात. दुमडलेले कोपरे ओढून उघडू नका.

मग आम्लमुक्त कागदाच्या घड्यांत एकेक पान घालून, तशाच पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचे आम्ल पानात उतरते. डांबरगोळ्या नकोत. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवा आणि रंग बदलला की बदला. त्या पानांना टेकता कामा नयेत. पेटी बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर नको. महिन्यातून एकदा उघडून कसर पाहा. कडा कापून सारख्या करून देतो असे कोणी बाइंडर म्हणाला तर साफ नाही म्हणा.

ओव्या कोणत्या आहेत ते ओळखण्यासाठी पानावरच्या पहिल्या ओवीच्या तीन यमकांचे शब्द उतरवून घ्या आणि सालढाणा आवृत्तीच्या सारांशावरून प्रसंग शोधा. प्रसंग सापडला की अवस्वर सापडतो आणि अवस्वरात ओवी सापडायला तासभर पुरतो. छापील पाठाहून एखादा शब्द वेगळा निघाला तर तो दुरुस्त न करता जसाच्या तसा नोंदवा. पानांचे फोटो एखाद्या विद्यापीठाच्या मराठी किंवा कोंकणी विभागाला अवश्य दाखवा; मूळ पाने मात्र पोच घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नका.